विहिरीवरचा ओहमचा नियम

हिंगोली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षं विज्ञान शिकवते आहे. नववीला ‘धारा विद्युत’ आणि दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे पाठ दरवर्षी येतात. विभवांतर, विद्युतधारा, रोध या तीन राशी आणि व्होल्ट, ॲम्पियर, ओहम ही त्यांची एककं मुलं आठवड्याभरात पाठ करतात, उदाहरणंही सोडवतात. पण ही मुलं सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमतकडच्या शेतकऱ्यांच्या घरची. हळदीच्या पाण्याची पाळी रात्रीच्या थ्री फेजवर आली की बापाबरोबर तीही विहिरीवर जातात. स्टार्टर, केबल, किटकॅट फ्यूज यांना त्यांचा हात रोज लागतो. परीक्षेत चुकलं तर दोन गुण जातात. विहिरीवर चुकलं तर माणूस जातो.

म्हणून हा पाठ मी फळ्यावरून विहिरीपर्यंत नेत गेले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली : व्होल्टेज, धारा आणि रोध या तिघांपैकी समोर नेमकं काय घडतंय हे ज्याला ओळखता येतं, त्याची मोटार वाचते आणि तोही वाचतो. विजेच्या बहुतेक अडचणी या तिघांची गल्लत केल्यानेच होतात. अनुभवातून हाती आलेले धडे क्रमाने मांडते.

१. व्होल्टेज एका जागी नसतं, दोन जागांमध्ये असतं

मल्टिमीटरला दोन वायरी का असतात, हा माझा पहिल्या तासाचा प्रश्न. मुलं गप्प होतात. मग पुढचा प्रश्न : अकरा हजाराच्या तारेवर बसलेल्या पाखराला काही का होत नाही? पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, काही बोटांच्या अंतरावर असतात. त्या दोन जागांच्या विभवात फरक जवळजवळ नसतोच, मग त्याच्या अंगातून धारा ढकलणार कोण? तेच पाखरू एक पंख दुसऱ्या तारेला किंवा लोखंडी खांबाला लावेल, तर क्षणात मरेल. विभवांतर या शब्दात ‘अंतर’ आहे ते उगाच नाही.

हे कळलं की तुटून पडलेल्या तारेची भीती नेमकी कशाची, तेही कळतं. जूनच्या वादळवाऱ्यात तार तुटून शेतात पडते. ती जमिनीला टेकते तिथे विभव सर्वांत जास्त असतं आणि जसजसं लांब जावं तसतसं ते उतरत जातं. अशा जमिनीवर मोठं पाऊल टाकलं की दोन पावलांच्या मध्येच व्होल्टेज तयार होतं. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून चांगले दीडेक मीटर लांब असतात आणि छाती दोन्हींच्या मधोमध येते. तारेला न शिवताही जनावर दगावतं ते यामुळे. आपण तशा जागी सापडलोच, तर दोन्ही पावलं जुळवून, जमिनीवर घासत अगदी लहान लहान सरकत बाहेर पडायचं. कोरड्या जमिनीचा रोध जास्त असतो, त्यामुळे पडलेल्या तारेतून वाहणारी धारा कधी कधी फ्यूज उडण्याइतकी होत नाही. तार पडली म्हणजे लाईन बंद झाली, असं कधीही समजू नये. लांब थांबून लाईनमनला कळवावं आणि तोवर इतरांनाही अडवावं.

२. व्होल्टेज भरपूर आणि धारा नाममात्र, असंही होतं

आता शिवारात सौर पंप दिसू लागले आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून अनेकांच्या बांधावर पॅनल उभी राहिली. या पॅनलनी माझ्या वर्गाला जे शिकवलं, ते पुस्तकातल्या सेलने शिकवलं नव्हतं. सकाळी कोवळ्या उन्हात मोकळ्या पॅनलला मीटर लावला, तर व्होल्टेज जवळपास दुपारइतकंच दाखवतो, पण पंप पाणी काढत नाही. कारण पॅनलचं व्होल्टेज उन्हाबरोबर फारसं बदलत नाही. धारा मात्र उन्हाच्या प्रमाणात वाढते. ढग आला की पाणी का मंदावतं, याचं उत्तर धारेत आहे, व्होल्टेजमध्ये नाही.

व्होल्टेज म्हणजे विद्युतप्रभार ढकलण्याची तयारी. १ व्होल्ट म्हणजे १ कूलोम प्रभारामागे १ ज्यूल ऊर्जा. धारा म्हणजे दर सेकंदाला प्रत्यक्षात किती प्रभार गेला. तयारी असणं आणि काम होणं वेगळं, हे मुलांना सौर पंपावर जितकं लख्ख दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

याच जागी मी एक इशाराही देते. ही पॅनल एकामागे एक, एकसर जोडलेली असतात, म्हणून त्यांची व्होल्टेजं मिळवली जातात आणि पंपाच्या जोडणीत ती कित्येक शे व्होल्टपर्यंत पोचतात. घरातली लाईन मेन स्विचने बंद होते. ऊन आहे तोवर पॅनल स्वतः बंद होत नाही. वायरीचा कनेक्टर ओढून काढायला कोणी जाऊ नये.

३. धारा वाटेत खर्च होत नाही

‘बल्बने करंट खाल्ला’ असं मूल म्हणालं की मी दोन ॲमीटर काढते. एक बल्बच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हींचे काटे एकाच आकड्यावर थांबतात. वर्गात दरवेळी कुजबुज सुरू होते आणि कोणीतरी ॲमीटर बिघडल्याची शंका घेतं. मग आम्ही ॲमीटरांची अदलाबदल करतो, काटे पुन्हा तिथेच. जितका प्रभार आत गेला तितकाच बाहेर पडला. खर्च झाली ती ऊर्जा. तिचा प्रकाश झाला आणि उष्णता झाली. मीटरवर जी युनिटं पडतात ती याच ऊर्जेची. १ युनिट म्हणजे १ किलोवॉटचं यंत्र १ तास चालणं.

धारेचा वेग किती, हाही मुलांचा आवडता प्रश्न. १ ॲम्पियर म्हणजे दर सेकंदाला ६२५ पुढे १६ शून्यं लावली तर जी संख्या होईल तितके इलेक्ट्रॉन. एवढी गर्दी असल्यामुळे प्रत्येकाला फार पळावं लागत नाही. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ९ ॲम्पियरची एकदिश धारा गेली, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला पाव मिलिमीटरच सरकतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? पाण्याने आधीच भरलेल्या पाइपलाइनचा कॉक उघडला की दुसऱ्या टोकाला पाणी लगेच पडतं, तसंच हे. तार इलेक्ट्रॉनांनी भरलेलीच असते, सगळे एकदम हलू लागतात. आपल्या घरातली धारा प्रत्यावर्ती, सेकंदाला ५० आवर्तनांची. तिथे तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी मागेपुढे होतात.

४. केबलचा रोध बिलात दिसत नाही, पाण्यात दिसतो

तारेचा रोध तीन गोष्टींवर ठरतो : धातू कोणता, लांबी किती, जाडी किती. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट. काटछेदाचं क्षेत्रफळ दुप्पट तर रोध निम्मा. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि इस्त्री-हीटरमधल्या नायक्रोमची तांब्याच्या साठपटीहून अधिक. नायक्रोमची निवड मुद्दाम केलेली असते, तिथे उष्णताच हवी असते. केबलमध्ये मात्र ती नको असते.

हा हिशोब मुलांकडून मी विहिरीचे आकडे घेऊन करून घेते. मीटरच्या पेटीपासून मोटारीपर्यंत ३०० मीटर केबल. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.२ ओहम. ५ एचपीची मोटार ९ ॲम्पियर घेत असेल, तर प्रत्येक तारेवर ९ × २.२ म्हणजे २० व्होल्ट वाटेतच संपतात. थ्री फेजच्या हिशोबाने दोन फेजमधलं व्होल्टेज सुमारे ३० व्होल्टने उतरतं. पेटीजवळ ४०० असेल तर मोटारीला ३७०. डीपीवरच, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच, ३६० येत असेल तर मोटारीच्या वाट्याला ३३०. शिवाय तीन तारांमध्ये मिळून अर्ध्या किलोवॉटहून जास्त शक्ती नुसती केबल तापवण्यात जाते.

तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट बारा-तेरा व्होल्टवर येते. दुकानात दोन्ही केबलींच्या किमतीतला फरक लगेच दिसतो, पण बारीक केबलमुळे मोटार दरवर्षी भरून आणावी लागते तो खर्च त्या पावतीवर नसतो. एका मुलीने हा हिशोब वहीत लिहून वडिलांना दाखवला. पुढच्या हंगामात त्यांनी जाड केबल टाकली आणि ‘आता मोटार पहिल्या बटणाला उचलती’ असं तिने येऊन सांगितलं. तिच्या उत्तरपत्रिकेतल्या गुणांपेक्षा मला ते वाक्य मोलाचं वाटलं.

५. ओहमचा नियम सगळीकडे सरळ रेषेत लागत नाही

ठरावीक तापमानाला वाहकातली धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते. विभवांतर बरोबर धारा गुणिले रोध. यातला ‘ठरावीक तापमानाला’ हा भाग मुलं गाळतात, आणि खरी गंमत तिथेच असते.

जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब मी जपून ठेवला आहे. आधी मुलांना गणिताने त्याचा रोध काढायला लावते. २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. मग बल्ब होल्डरबाहेर असतानाच मल्टिमीटरने मोजायला देते. मीटर ४० ओहमच्या आसपास दाखवतो. मुलं पुन्हा मोजतात, वायरी बदलून मोजतात, तोच आकडा. गणित बरोबर आणि मीटरही बरोबर. पेटलेल्या बल्बची टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापलेली असते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. थंड तारेचा रोध दहाव्या-पंधराव्या हिश्शाचा, म्हणून बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्बमधून धारेचा मोठा लोंढा जातो. असे बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जात, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

एलईडीची वागणूक आणखी वेगळी. ठरावीक व्होल्टेज होईपर्यंत ती धारा जवळजवळ जाऊच देत नाही आणि त्यानंतर थोड्या वाढीनेही धारा एकदम उसळते. म्हणून तिच्यामागे धारा आवरणारा ड्रायव्हर लागतो. नियम पाठ असणं पुरेसं नाही. तो कुठवर लागतो हेही माहीत हवं.

६. व्होल्टेज कमी झालं की मोटारीची धारा वाढते

माझ्या वर्गात विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न मागच्या बाकावरून आला होता. ‘मॅडम, व्होल्टेज कमी झालं तर धारा पण कमी व्हायला पाहिजे ना? मग कमी व्होल्टेजनं आमची मोटार कशी काय जळाली?’ नियम नीट समजलेल्या मुलालाच हा प्रश्न पडू शकतो.

उत्तर असं. फिरणारी मोटार म्हणजे नुसती गुंडाळलेली तार नव्हे. फिरताना ती स्वतः आतल्या आत उलटं विद्युतबल निर्माण करते आणि आलेल्या व्होल्टेजला तोंड देते. दोन्हींतल्या फरकावर धारा ठरते. विहिरीतून पाणी तितक्याच उंचीवर चढवायचं असतं, भार तोच राहतो. व्होल्टेज उतरलं की मोटारीचा जोर ओसरतो, ती थोडी मंदावते आणि तेवढंच काम रेटण्यासाठी जास्त धारा ओढू लागते. ९ ॲम्पियरची मोटार ११-१२ वर जाते. सुरू होतानाचा जोर तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज ८० टक्के झालं तर जोर ६४ टक्के. मोटार नुसती घुमते, उचलत नाही, आणि फिरत नसल्यामुळे उलटं बलही नसतं. चालू धारेच्या पाच-सहा पट धारा गुंडाळीतून जात राहते. अशी काही मिनिटं गेली तरी वार्निशचा जळका वास येतो.

एखादा फेज गेला तरी हेच घडतं. उरलेल्या दोन फेजवर सगळा भार पडतो. म्हणून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या ॲम्पियरवरच लावलेला हवा. मोटार सारखी पडते म्हणून रिलेचा आकडा वाढवणं किंवा तो बांधून ठेवणं, म्हणजे राखणीला ठेवलेल्या माणसाचं तोंड बंद करणं होय. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असेल तर तो चालू ठेवावा. रिले पडतोय याचा अर्थ तो काहीतरी सांगतोय. आधी व्होल्टेज मोजा, मग तिन्ही फेजची धारा मोजा.

७. उष्णता धारेच्या वर्गाने वाढते

रोधात तयार होणारी उष्णता ही धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले काळ या हिशोबाने येते. धारा दुप्पट तर उष्णता चौपट. १० ॲम्पियरची मोटार १२ ॲम्पियरवर चालली तर धारा वीस टक्क्यांनी वाढली असं वाटतं. गुंडाळीतली उष्णता चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढलेली असते.

सैल जोडावरही हाच नियम घाव घालतो. केबलच्या जोडात अर्धा ओहम रोध राहिला आणि त्यातून ९ ॲम्पियर गेले, तर तेवढ्याशा जागेत ४० वॉट उष्णता होते. सोल्डरिंगचं यंत्र एवढ्याच वॉटवर कथील वितळवतं. जोड काळा पडतो, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते आणि शेवटी स्टार्टरची पेटी जळते. स्क्रू आवळायला चार पैसेही लागत नाहीत, पण ते काम लाईन बंद करूनच करायचं.

फ्यूजची बारीक तार याच नियमावर आपला जीव देऊन पुढचं सगळं वाचवते. ती उडाली की तिथे हाती लागेल ती जाड तांब्याची तार गुंडाळायची सवय जिथे आहे, तिथे पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि मोटार जाते.

वीज दुरून आणताना व्होल्टेज एवढं का चढवतात, याचंही उत्तर इथेच आहे. आपल्या शेजारी पूर्णेवर येलदरी धरण आहे, तिथे २२.५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. अशा केंद्रातली वीज गावापर्यंत ४०० व्होल्टवर आणायची ठरवली, तर तारा तापून ती वाटेतच संपेल. १०० किलोवॉट शक्ती ११ हजार व्होल्टवर न्यायला थ्री फेजमध्ये सव्वापाच ॲम्पियर पुरतात. ४०० व्होल्टवर तेवढ्यासाठी सुमारे १४४ ॲम्पियर लागतात. धारा २७ पट, त्याच तारेतली उष्णता ७०० पटींहून जास्त. गावाच्या कडेला उभी असलेली डीपी ११ हजाराचे ४३३ व्होल्ट करते ती अगदी शेवटच्या टप्प्यावर, एवढ्यासाठीच.

८. एका डीपीवरचे सगळे शेतकरी एकाच परिपथात असतात

एकसर जोडणीत रोध वाढतो, समांतर जोडणीत घटतो, हे मुलांना पाठ असतं. मी विचारते, एका डीपीवरच्या मोटारी कशा जोडलेल्या आहेत? समांतर. म्हणजे प्रत्येक नवी मोटार लागली की एकूण रोध उतरतो आणि डीपीतून निघणारी धारा वाढते. ही वाढलेली धारा ज्या सामाईक तारेतून जाते, तिच्यावर व्होल्टेजची घसरण होते आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या विहिरीला सर्वांत कमी व्होल्टेज मिळतं.

६३ केव्हीएची डीपी ४३३ व्होल्टला ८४ ॲम्पियरसाठी बनवलेली असते. ९ ॲम्पियरच्या ९ मोटारी झाल्या की ती भरली. आता प्रत्येकाने ऑटो स्विच लावला आहे असं धरा. रात्री लाईन आली की ९ मोटारी एकाच क्षणी सुरू व्हायला बघतात आणि प्रत्येक जण पाच-सहा पट धारा मागतो. ८४ ॲम्पियरच्या डीपीवर चार-पाचशे ॲम्पियरची मागणी पडते. व्होल्टेज इतकं कोसळतं की एकही मोटार नीट उचलत नाही, आणि डीपी गेली की सगळ्यांचंच पाणी बंद. थंडीत रात्री विहिरीवर जायला लागू नये म्हणून माणूस ऑटो लावतो, त्याचा त्रास खरा आहे. पण एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून आपापसांत पाळ्या ठरवल्या, किंवा प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावला, तर सगळ्यांच्या मोटारी नीट चालतात.

कपॅसिटरचंही तसंच. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करायला काही धारा लागते. ती पाणी उपसत नाही, पण डीपीपासून मोटारीपर्यंत ये-जा करून तार तापवत राहते. कपॅसिटर ही धारा जागेवरच पुरवतो, लाईनवरचा भार हलका होतो. महावितरण कपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा असं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. त्यामागे समांतर जोडणीचं हेच गणित आहे, आणि मुलांनी ते घरी समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

९. आपलं शरीरही एक रोधच आहे

कोरड्या, जाड कातडीच्या हातापासून पायापर्यंतचा रोध कित्येक हजार ओहम असू शकतो. कातडी ओली झाली, घाम आला किंवा जखम असली की तो हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ ॲम्पियर, २३० मिलिॲम्पियर. साधारण १ मिलिॲम्पियरला झिणझिणी कळते. १०-१५ च्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. ५० ते १०० च्या दरम्यान आणि त्यापुढे हृदयाची लय बिघडू शकते. नऊ वॉटचा एलईडी दिवाही साधारण चाळीस मिलिॲम्पियर घेतो. माणूस जायला किती थोडी धारा पुरते, हे आकडे फळ्यावर मांडले की वर्ग शांत होतो.

इथेच मी झटका मशीनची गोष्ट काढते. रानडुकरांपासून पीक राखायला लावलेलं चांगलं झटका मशीन तारेत हजारो व्होल्ट सोडतं, पण सेकंदाला एखादाच, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टोला, आणि त्यातली ऊर्जा मोजून मर्यादित ठेवलेली असते. जनावर दचकून पळतं. कुंपणाला थेट लाईनची तार जोडली तर व्होल्टेज २३०च असतं, पण धारा वाहतच राहते आणि ती सोडत नाही. अशा कुंपणाने जनावरं आणि माणसं गेली आहेत, शेजारच्या शेतातल्या घरची माणसं. हा गुन्हा आहे, आणि मुलांनी आपल्या घरात तो होऊ देऊ नये असं मी स्पष्ट सांगते.

घरात ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी बसवावी. गेलेली आणि परत आलेली धारा यांत तेवढा फरक पडला की ती लाईन तोडते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं. पायात रबरी चप्पल, हात कोरडे, आणि शक्यतो एकच हात पुढे. कोणी चिकटलं तर त्याला धरायचं नाही. आधी स्विच बंद, ते जमलं नाही तर कोरड्या लाकडाने तार बाजूला.

१०. मोजलं तरच कळतं

गेऑर्ग ओहम स्वतः शाळामास्तर होता. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवताना उरलेल्या वेळात तो वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून धारा सोडून मोजत बसे. त्या काळातल्या बॅटऱ्यांची धारा सारखी बदलायची, आकडे जुळायचे नाहीत. मग त्याने बिस्मथ आणि तांबं यांच्या जोडाची युक्ती वापरली. एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की तापमानातल्या स्थिर फरकामुळे व्होल्टेजही स्थिर. त्यावर त्याला नियम सापडला. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं, पण त्याच्या देशातल्या विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ साल उजाडावं लागलं. साधनं तुटपुंजी असताना शाळेतल्या माणसाने चिकाटीने मोजून काढलेला हा नियम आहे, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर जाईल आणि गुरुत्वीय लहरींमुळे त्या भुजांच्या लांबीत होणारा, प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान असा फरक टिपला जाईल. तो प्रकाश शेवटी फोटोडायोडवर पडतो आणि त्याची विद्युतधारा होते. दूरच्या कृष्णविवरांची खबर शास्त्रज्ञ ती धारा मोजूनच वाचतात. त्या वेधशाळेच्या नोकरीत उद्या आपल्या शिवारातली पोरं-पोरी असाव्यात असं मला मनापासून वाटतं. त्याची सुरुवात ॲमीटरचा काटा नीट वाचण्यापासूनच होते.

मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. प्रत्येक माध्यमिक शाळेत निदान सहा मुलांमागे एक तरी असावा आणि तो कपाटात कुलूपबंद नसावा. पहिल्यांदा घड्याळातला सेल मोजावा, मग टॉर्चचा बल्ब, तारेचे तुकडे, लहान सौर पॅनल. २३० व्होल्टला हात लावायचा तो जाणत्या वायरमनच्या देखत आणि वय झाल्यावरच. पण आकडा वाचून त्याचा अर्थ लावायला आठवीतलं मूलही शिकतं, आणि एकदा शिकलं की घरातल्या मोठ्यांना ‘आधी मोजू, मग ठरवू’ असं सांगायला कचरत नाही. माझ्या शिकवण्याचा मला एवढाच निकाल हवा आहे.